पानशेतला शिडाची होडी: आधी वारा पडला, मग आम्ही

पानशेत म्हटलं की आजीला १२ जुलै १९६१ आठवतो, धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. त्यामुळे रविवारी तिथे होडी चालवायला जातोय हे तिला सांगितलंच नाही, मिसळ खायला चाललोय म्हणालो. ते खोटंही नव्हतं. पहिली चूक तिथेच झाली.

एप्रिलचा पहिला आठवडा, आम्ही चौघं आणि मंदारची जुनी वेफेअरर, म्हणजे शिडाची छोटी होडी, जेमतेम सोळा फुटांची. परवानगीचं काम त्याने आधीच उरकलं होतं. ते न करता ट्रेलर जोडून निघू नका. सातला पाण्यात उतरायचं ठरलं होतं. मिसळ, दुसरी मिसळ, मग खडकवासल्याच्या चौपाटीसमोर अडकलेल्या गाड्या, यात दहा वाजले. सिंहगड रोडने जाणार असाल तर सहाच्या आत घर सोडा. खाणं डब्यात घ्या.

पूर्वेकडून झुळूक होती. धरणाची भिंत पाठीशी ठेवून आम्ही शीड मोकळं सोडलं आणि पश्चिमेला निघालो. वारा पाठीशी असला की काहीच करावं लागत नाही, म्हणून कुणी काही विचारही केला नाही. दीड तासात भिंत काडीएवढी दिसायला लागली.

साडेअकराला वारा पडला. पाणी आरशासारखं. बोटीत वल्हं एकच, कारण दुसरं मंदारच्या गॅलरीत. चौघांत पाण्याच्या दोन बाटल्या. मोबाइलला रेंज नाही. पाळीपाळीने वल्हवलं, पण एका वल्ह्याने अशी बोट हलते म्हणजे समजूत घालण्यापुरतीच. शेवटी शीड उतरवून बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर, पसरलं आणि त्याच्या सावलीत चार तास काढले. नितीनने ऑफिसचं राजकारण काढलं तेव्हा मात्र पोहत परत जावं असं वाटलं.

पावणेचारला पश्चिमेकडून पाण्यावर एक काळपट पट्टा सरकत येताना दिसला. तो वारा असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, आणि डोंगरांमधून तो एका दिशेने, एका जोराने येत नाही. आम्ही टाळ्या वाजवून मोठं शीड पूर्ण चढवलं. तेव्हाच ते अर्धं गुंडाळायला हवं होतं. वारा पुन्हा पाठीशी, सुकाणू शिल्पाच्या हातात, वेग झकास. मग एका झोताने दिशा बदलली, बूम सपकन इकडून तिकडे गेली, नितीन कसाबसा वाकला आणि बोट आडवी झाली. वाऱ्याच्या अगदी सरळ पुढे पळण्यापेक्षा थोडं तिरकं जा आणि बूमच्या रेषेत डोकं ठेवू नका, हे मंदारने सकाळी सांगितलं होतं. मिसळीच्या रांगेत.

लाइफ जॅकेट चौघांच्याही अंगावर होतं, पट्टे आवळलेले. पोहता येतं म्हणून ते बाकाखाली ठेवणाऱ्यांनी घरीच राहावं. डोकी मोजली, बोट कुणी सोडली नाही. मंदार सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून बाहेर येणाऱ्या फळीवर, चढून मागे रेलला, बोट सरळ झाली आणि लगेच दुसऱ्या बाजूला कोसळली. शिडाचा दोर खाचेत अडकलेलाच होता! बोट उभी करण्याआधी तो मोकळा करायचा, नाहीतर शीड परत वारा पकडतं. दुसऱ्या खेपेला जमलं. हवेच्या टाक्यांमुळे बोट तरंगत होती, पण आत पाणी तुडुंब, आणि उपसायचं भांडं न बांधल्यामुळे वाहून गेलेलं. टोपी आणि पोह्यांच्या डब्याने पाऊण तास उपसलं. भांडं, वल्ही, डबे, सगळं दोरीने बांधा. मोबाइल आणि गाडीची किल्ली पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून ती पिशवीही बांधा. आमची किल्ली वाचली, नितीनचा मोबाइल तळाशी आहे.

मग मोठं शीड उतरवून फक्त पुढच्या छोट्यावर आलो. हळू, पण निमूट. सहा वाजले. काठावर अजून एक बक्षीस होतं: एप्रिलमध्ये पाणी मागे हटलेलं, मधे गुडघाभर गाळ. गुरं घेऊन आलेल्या एका काकांनी हसत हसत दोर ओढला. उतरायची जागा आदल्या दिवशी पायी जाऊन बघून या, आणि पायात घट्ट बसणारे शूज घाला. चपला गाळातच राहतात, माझ्या राहिल्या.

घरी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आजीने दार उघडलं आणि माझ्या अनवाणी, वाळक्या चिखलाच्या पायांकडे बघितलं.

"मिसळीत उतरला होतास का रे?"