आधी बाण, मग आकडे

दहावीला आम्हाला फिजिक्स शिकवणारे सर एका गोष्टीवर अडून बसायचे. गतीचं कुठलंही गणित असो, आधी वहीत एक बाण काढायचा, त्याच्या टोकाशी अधिकचं चिन्ह टाकायचं आणि मगच सूत्राला हात लावायचा. बाण नसला तर उत्तर बरोबर असूनही वही परत यायची. शाळेने बरंच काही दिलं, पण त्यातलं आजही रोज वापरात असलेलं हेच आहे, म्हणून स्मरणिकेत यावरच लिहितोय.

वर्गात बहुतेकांचा समज असा की गुरुत्वत्वरण आलं की उणेच लिहायचं, काहींचा असा की चेंडू वर जाताना उणे आणि खाली येताना अधिक. सर म्हणायचे, दिशा तुम्ही ठरवा रे, वर अधिक म्हणा नाहीतर खाली अधिक म्हणा, पण एकदा ठरवली की गणित संपेपर्यंत तीच, चेंडू वळला म्हणून बाण वळवायचा नाही.

मग ते गच्चीचं गणित. 24.5 मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू 19.6 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, खाली रस्त्यावर कधी पडेल? आम्ही तुकडे पाडायचो, वर जायला 2 सेकंद, तेवढ्यात 19.6 मीटर चढला, म्हणजे रस्त्यापासून 44.1 मीटर, तिथून पडायला 3 सेकंद, एकूण 5. उत्तर बरोबरच होतं. पण सरांनी वरची दिशा अधिक धरून सगळं एका ओळीत घातलं, सुरुवातीचा वेग अधिक 19.6, त्वरण उणे 9.8 आणि विस्थापन उणे 24.5, कारण चेंडू निघाला तिथून खाली पोचला, मधे किती वर जाऊन आला याच्याशी विस्थापनाचं काही घेणंदेणं नाही. वर्गसमीकरण सुटलं, वेळ 5 किंवा उणे 1. आम्ही उणे 1 वर काट मारायला निघालो तर सर म्हणाले थांबा, हाच चेंडू एक सेकंद आधी खालून रस्त्यावरून 29.4 च्या वेगाने फेकला असता तर बरोबर शून्य सेकंदाला गच्चीपाशी 19.6 नेच पोचला असता, समीकरणाला तुमची गच्ची माहीत नाही, त्याला फक्त चेंडूची वाट माहीत आहे. ते उणे 1 खोटं नव्हतं हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

बल आणि वेग यांची गल्लत तर सगळ्यांचीच व्हायची. अगदी वरच्या टोकाला चेंडूवर बल किती, असं विचारलं की अख्खा वर्ग शून्य म्हणायचा. सर शांतपणे विचारायचे, मग तो तिथेच का लटकत नाही? वेग शून्य झालाय, पृथ्वीची ओढ शून्य झालेली नाही, ती जाताना, टोकाला आणि येताना सारखीच खाली. आणि हात सुटला की हाताचं बल संपलं, ते चेंडूबरोबर वर जात नाही.

उणे त्वरण म्हणजे गाडी मंदावणार, हा समज मोडायला त्यांनी कसारा घाट घेतला. मुंबईला जाणारे आपण सगळे तो ओळखतो, चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, मुंबईहून येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात ती यासाठीच. बाण कसाऱ्याकडून इगतपुरीकडे काढा, आणि आता गाडी मुंबईकडे उतरतेय, ब्रेक नाही, घर्षण धरायचं नाही. वेग उणे, त्वरणही उणे, 9.8 भागिले 37 म्हणजे साधारण 0.26, आणि गाडी मंदावत नाहीये, थांबलेली सुटली तर मिनिटभरात ताशी 57 किलोमीटरच्या आसपास जाईल! दोघांचं चिन्ह सारखं असलं की वेग वाढतो, उलट असलं की कमी होतो. ब्रेक लागला की त्याचं बल इगतपुरीकडे, म्हणजे अधिक, गाडी मात्र अजून कसाऱ्याकडेच चाललेली. हे एवढं डोक्यात बसलं की पुढे अकरावी, डिप्लोमा, कुठेही बलाची आकृती काढताना भीती वाटत नाही.

मी आता नाशिकच्या अंबड एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, सेटिंग करतो, आयटीआयची नवीन पोरं माझ्याकडे शिकायला येतात. सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथवर, झेड उणे म्हणजे टूल चककडे (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडून फिरवणारा भाग), झेड अधिक म्हणजे जॉबपासून लांब, हे पाठ करून चालत नाही, चिन्ह चुकलं की टूल थेट चकवर. व्हीएमसीवर तर अजून गंमत, प्रोग्राममध्ये टूल जॉबवरून उजवीकडे सरकतंय असं धरून एक्स अधिक लिहायचं आणि प्रत्यक्षात टूल जागेवर आणि टेबल डावीकडे जातं. पोरं गोंधळतात. मी खडू घेतो, मशीनच्या दारावर बाण काढतो, अधिक लिहितो आणि मगच प्रोग्राम उघडायला देतो.

शाळेतल्या आत्ताच्या शिक्षकांना एक विनंती आहे, नववी-दहावीची मुलं एखाद्या दिवशी आमच्या वर्कशॉपवर घेऊन या, मालकांशी मी बोललोय, टेबल उलटं सरकताना त्यांना समोर उभं करून दाखवतो.