चार इयत्तांची एक खोली

मी सिनेमा-मालिकांच्या कलादिग्दर्शन विभागात सेट सजवते. भिंतीवर कोणाची तसबीर लावायची, कोनाड्यात काय ठेवायचं, फळ्यावर कुठली तारीख लिहायची, हे सगळं माझ्याकडे. खेड्यातली शाळा उभी करायचं काम वरचेवर येतं, कारण आपल्याकडे गाव दाखवायचं म्हटलं की देऊळ, पार आणि शाळा लागतेच. पटकथेत मात्र शाळेविषयी फार काही नसतं. मास्तर शिकवताहेत, मुलं ऐकताहेत, खिडकीतून डोंगर दिसतोय. मग फळा एका भिंतीला, मुलांच्या रांगा त्याच्याकडे तोंड करून आणि कॅमेरा मुलांच्या पाठीमागे. शाळा शहरातली असली तरी मांडणी तीच. खेड्यातल्या शाळेचा रंग तेवढा उडालेला असतो.

भोर तालुक्यातल्या एका वाडीत ही मांडणी मोडली. तो दिवस मला लिहून ठेवायचा आहे.

आमची गोष्ट १९७४ सालची. मोठा दुष्काळ नुकताच सरलेला. गावात एकच शिक्षक आणि त्याच्याकडे पहिली ते चौथी. चित्रीकरणासाठी निवडलेली इमारत खरोखरच जिल्हा परिषदेची शाळा होती. दिवाळीची सुट्टी होती, परवानगीचे कागद झाले होते आणि मुख्याध्यापिका बाई किल्ली घेऊन सकाळीच येऊन बसत. शाळेला दोन खोल्या. जुनी दगडी आणि कौलारू, दुसरी नंतरची, स्लॅबची. बाई म्हणाल्या, ही खडू-फळा योजनेत मिळालेली. ही योजना केंद्र सरकारने १९८७ साली आणली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवायचं किमान साहित्य मिळावं, हा तिचा आग्रह होता. म्हणजे आमच्या काळात ती दुसरी खोली नव्हतीच. तिच्यापुढे भाताच्या पेंढ्याची उडवी रचली आणि तिला कॅमेऱ्यापासून लपवलं.

जुन्या खोलीच्या भिंती बोलक्या होत्या. मुळाक्षरं, पाढे, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा, सावित्रीबाई. "यावर रंग नाही ना मारणार?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. नाही मारला. भिंतींना लागून प्लायचे फ्लॅट, म्हणजे खोट्या भिंती, उभे केले, त्यांवर चुना फासला आणि वर धुराचे, ओलीचे डाग दिले. शाळेच्या भिंतीवरचं चित्र झाकताना मला नेहमीच जड जातं. 'फँड्री'त डुक्कर बांधून नेणारं कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज रंगवलेले असतात. मराठी पडद्यावर शाळेची भिंत याहून जास्त बोलल्याचं मला आठवत नाही. आणि तशी चित्रं काढायला कोणी खास कलाकार लागत नाही, ती आपल्या शाळाशाळांतून आहेतच.

बाकी सामान गोळा झालं होतं. बसायला गोणपाटाच्या पट्ट्या, लाकडी चौकटीच्या दगडी पाट्या, कागदपत्रांची लोखंडी पेटी, गुंडाळीचा नकाशा, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. दारावरच्या पाटीवर आम्ही 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं रंगवलं होतं. गांधीजींच्या मूलोद्योगी, म्हणजे हातच्या उद्योगातून द्यायच्या, शिक्षणाच्या विचारातून आलेलं हे नाव तेव्हा पुष्कळ शाळांवर असे, अजूनही काहींवर आहे.

ती पाटी वाचायलाच एक गृहस्थ थांबले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. बाई चटकन उठून उभ्या राहिल्या. ऐंशीच्या घरातले हे गुरुजी याच पट्ट्यात एकशिक्षकी शाळेवर अनेक वर्षं होते आणि निवृत्तीनंतर वाडीतच राहिले होते. मी त्यांना आत घेऊन गेले. त्यांनी एक दगडी पाटी हातात घेऊन वजन बघितलं, पेटीची कडी वाजवली, रांगांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चौथी कुठली यातली?"

मी म्हटलं, सगळी मुलं एकत्रच बसणार आहेत, गुरुजी.

"एकत्र बसवली तर शिकवायचं कुणाला?"

त्यांनी काठीने जमिनीवर खोलीचा नकाशाच काढला. पहिली दाराजवळ, कारण ती रडते, तिला सारखं बाहेर जायचं असतं आणि घर आठवलं की ती पळते. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी खिडकीकडे तोंड करून. चौथी सगळ्यांत मागे, भिंतीकडे तोंड आणि पहिलीकडे पाठ, कारण तिला स्वतःचं स्वतः काम करायचं असतं. फळा एकच. त्यावर खडूने उभ्या रेघा मारून तीन भाग करायचे. एकात तिसरीची गणितं, एकात चौथीची, उरलेल्यात दुसरीचे शब्द. पहिलीला फळा लागत नाही, तिला पाटीवर अक्षर काढून द्यायचं आणि ते गिरवायला सांगायचं. दुसरी पाढे म्हणत असते तेव्हा तिसरी लिहीत असते. तिसरीचं तपासेपर्यंत चौथीतलं एखादं चुणचुणीत पोर पहिलीचा हात धरून गिरवून घेतं. "मास्तर एका जागी उभा राहत न्हाई," ते म्हणाले. "फळ्यापाशी उभा राहिला तर तीन वर्ग वाऱ्यावर."

दिग्दर्शक दारात उभा राहून ऐकत होता. त्या सकाळचा ठरलेला प्रसंग त्याने थांबवला. लाइटवाले वैतागले. त्यांची मांडणी फळ्याच्या दिशेने झाली होती आणि आता खोलीला समोरची बाजूच उरली नव्हती. पण दिग्दर्शकाने गुरुजींना विचारलं, तासभर वर्ग घ्याल का? मास्तरचं काम करणारा नट कोपऱ्यात गोणपाटावर जाऊन बसला. मुलं वाडीतलीच होती, याच शाळेतली. बाईंनी त्यांना इयत्तेप्रमाणे बसवलं आणि आम्ही सगळे खिडकीबाहेर गेलो.

पहिली दहा मिनिटं नुसता गलका होता. मग त्यातून एकेक वर्ग वेगळा ऐकू यायला लागला. इकडे बे एके बे, तिकडे चौथीची कविता, मध्येच गुरुजींचा आवाज, तोही मोठा नाही. ते एकाच्या पाटीवर वाकलेले असत आणि तोंडाने दुसऱ्याच वर्गाची चूक सुधारत असत. पहिलीतली मुलं हाताने 'ग' गिरवत होती आणि त्यांच्या ओठांवर चौथीची कविता होती. कुणी सांगितलेलं नव्हतं. तीन वर्षं तीच कविता कानावर पडल्यावर चौथीत पोचेपर्यंत ती पाठच असते, हे मला गुरुजींनी नंतर सांगितलं. अशा शाळेचा तोटा सगळ्यांना दिसतो. हा लाभ मात्र त्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही.

खडू संपत आला तसा गुरुजींनी तो ठेवून नवा घेतला, आणि उरलेलं थोटूक खिशात टाकलं. झांग यिमोच्या १९९९ सालच्या 'नॉट वन लेस' या चिनी चित्रपटात रजेवर जाणारे शिक्षक तेरा वर्षांच्या बदली शिक्षिकेला दिवसाला एक असे मोजून खडू देतात. तो प्रसंग मी पूर्वी गरिबीचं चित्र म्हणून पाहिला होता. गुरुजींचा हात खिशाकडे गेला तेव्हा त्यात धंद्यातली शिस्तही दिसली. सुताराने खिळे सरळ करून ठेवावेत तशी.

दुपारी चित्रीकरण झालं. नटाने गुरुजींची चाल उचलली होती, सतत फिरती आणि कमरेत जरा वाकलेली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या दादांचा सकाळी या गोंगाटाला सक्त विरोध होता. संवाद ऐकूच येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारी त्यांनीच कॅमेरा बंद असताना चारही वर्गांचा आवाज वेगवेगळा ध्वनिमुद्रित करून घेतला आणि मग सगळ्यांचा मिळून. एका टेकमध्ये पहिलीतलं एक पोर पाटी छातीवर घेऊन झोपलं. सहायक त्याला उठवायला निघाला, तर गुरुजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पहिलीत एखादं झोपलेलं असायचंच." ते तसंच पडद्यावर आलं आहे.

आपल्या सिनेमांत खेड्यातली शाळा दोनच प्रकारांनी येते असं मला फार वाटतं. एक तर पडकी, कोणा ध्येयवेड्या तरुण शिक्षकाची वाट पाहणारी. नाही तर आठवणीतली, पिवळ्या उन्हातली. दोन्हींत शाळा चालते कशी हे दिसत नाही. चार इयत्ता, एक माणूस, एक फळा आणि तरी दिवस पुरा होतो, यामागे एक पक्कं कसब आहे. ज्यांनी ते वापरलं त्यांतले पुष्कळ आज गुरुजींच्या वयाचे आहेत. ते कसब कॅमेऱ्यासमोर आलं पाहिजे, आणि ते आणणं हे आम्हा सेटवाल्यांचंही काम आहे, कारण मुलं कोणत्या दिशेला तोंड करून बसणार हे आम्ही ठरवतो.

सेट उतरवणं हा आमच्या कामातला सगळ्यांत घाईचा भाग. अमेरिकेत 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' या मालिकेच्या १९८४ सालच्या निरोपाच्या भागात गावाचा सेट सुरुंगाने उडवून दिला. शाळा आणि चर्च दोन्ही जिथे भरायचं ती इमारत तेवढी त्यातून वगळली होती. आम्हाला उडवायचं काही नव्हतं. फ्लॅट निघाले, सूर्यमाला आणि सावित्रीबाई पुन्हा दिसू लागल्या, पेंढा ज्याचा त्याला परत गेला. आमचा रेघा मारलेला लाकडी फळा टेम्पोत चढवत होतो तेव्हा बाई म्हणाल्या, तो इथेच ठेवता येईल का?

मी म्हटलं, तुमच्याकडे मोठा टीव्ही आहे, पांढरा फळा आहे, दोन शिक्षक आहेत. हा कशाला?

"दोघी आहोत ते हजेरीपत्रकावर," बाई म्हणाल्या. "एकीला प्रशिक्षण लागलं, केंद्रशाळेत मीटिंग लागली, मतदार यादीचं काम आलं की चारही वर्ग एकीकडेच येतात. गुरुजींनी दाखवलं तसं दाराजवळ पहिलीला बसवून बघणार आहे."

निर्मात्याला फोन लावून विचारलं. फळा शाळेतच राहिला.