हात लावल्याचा दोष

ज्यांचा एसी आम्ही धुवून दिला त्या काकींचं बोलणं मनातून जात नाही. "तुमी हात लायलो आनी इबाडलो." म्हणजे तुम्ही हात लावलात आणि बिघडला. आवाज चढवला नव्हता, चहाही दिला होता. म्हणूनच जास्त लागलं की काय कोण जाणे. ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं. कपबशी हातात असताना काय बोलणार?

गणेश चवथीआधी एसी धुवून घ्यायचा, आणि पाहुणे घरात असताना तो थंड करेनासा झाला की दोष शेवटचा हात लावणाऱ्याचा. बाबा म्हणायचे, या धंद्यात... असो.

खरा त्रास असा की वाक्य पूर्ण खोटं नाही. गोव्यात कांदोळी-कळंगुटच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून बसवलेल्या आउटडोअरचं, म्हणजे एसीच्या बाहेरच्या यंत्राचं, काय होतं ते आम्हाला रोज दिसतं. तांब्याची नळी, तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या, आणि दोन्हींमध्ये खारट ओल. अशा जोडीत अॅल्युमिनियम आधी झिजतं, पांढरी भुकटी होतं, पात्या बोटाने चुरगळतात. निळा थर दिलेली कॉइल (हीच नळी-पात्यांची जाळी) जरा जास्त टिकते, पण कापलेल्या कडांवरून तीही खाल्ली जाते. कधीतरी नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. त्यावर तेल, धूळ, मीठ यांची खपली धरते आणि गॅस इतका हळू सुटतो की कुणाला कळत नाही. मग आम्ही जातो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतो, खपली निघते. भोक आमचं नसतं, उघडं मात्र आम्हीच केलेलं असतं. हे काकींना सांगितलं तर म्हणणार, "म्हणजे धुतलं नसतं तर बरं झालं असतं." आणखी काही दिवसांपुरतं तेही खरंच.

पण "नुसता गॅस भरा, एवढे पैसे कशाचे?" हे ऐकलं की डोकं फिरतं. उरलेला गॅस आधी काढून घ्यायचा, कारण आर-३२ हा एसीतला गॅस थोडा का होईना पेट घेतो; तो आत असताना नळीला ज्योत लावायची नाही. मग यंत्राच्या पाटीवरचा कमाल दाब बघून नायट्रोजन भरायचा, आर-३२ च्या यंत्रात साधारण ४०० पीएसआय (दाबाचं माप), आणि साबणाच्या फेसाने भोक हुडकायचं. दाब उतरवून ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून भोक बुजवणं. ते करतानाही आतून नायट्रोजन हळू वाहता ठेवायचा, नाहीतर नळीच्या आत काळी पापडी धरते आणि पुढे कॅपिलरीत, म्हणजे अगदी बारीक नळीत, जाऊन अडकते. पुन्हा दाब देऊन बघायचं. मग आतली हवा आणि ओल ओढून घ्यायला व्हॅक्युम पंप, आत उरलेला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत. पंप बंद करून आकडा वर चढत नाही ना, तेही बघायचं. चढला तर आत ओल आहे किंवा अजून कुठेतरी गळतंय. शेवटी वजनकाट्यावर मोजून, पाटीवर लिहिलाय तेवढाच गॅस. दीड टनाला किलोच्या आसपास. भरायला लागतात दहा मिनिटं, आणि लोकांना दिसतात ती तेवढीच. पंप चालतो त्या अर्ध्या-पाऊण तासात आम्ही बसलेले असतो. "बसून पैसे घेतात." बसलेला माणूस कामाचा दिसत नाही, त्याला कोण काय करणार.

 

गंमत म्हणजे तक्रारीचा तसा मला राग नाही. "थंड होत नाही" एवढंच सांगणाऱ्याचा येतो. दिवसभर घरात असलेली आजी सांगते, "पहिला अर्धा तास गार, मग वारा कमी होतो, बंद केला की आतून पाणी गळतं." म्हणजे कॉइलवर बर्फ धरतोय, फिल्टर तुंबलाय किंवा गॅस कमी आहे. कुणी सांगतं, बाहेरचं यंत्र नुसतं हूं करतं आणि गप्प होतं. मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर घेऊनच निघायचं. रात्रभर पाऊस झाल्यावर आउटडोअर मेलं, तर विजेच्या बोर्डावर पाल नाहीतर काँटॅक्टरमध्ये, म्हणजे आतल्या स्विचमध्ये, मुंग्या. असली तक्रार म्हणजे फुकट मिळालेला मदतनीस.  

हे लिहिता लिहिता लक्षात आलं की काकींनी तारीखच सांगितली होती. हात लावल्यापासून. धुतल्यावर चार दिवसांत थंडावा गेला, म्हणजे फिल्टर नाही, कपॅसिटर नाही, पहिल्यांदा बाहेरच्या कॉइलची खालची वळणं बघायची. भोक सापडलं ते तिथेच. निदान त्यांनी केलं, पैसे मी घेतले, आणि वर त्यांच्याच बोलण्याचं वाईट वाटून घेतोय.

आता धुण्याआधी मोजायचं आणि लिहून ठेवायचं. खोलीतली हवा किती अंश, जाळीतून येणारी किती. फरक दहा अंशांच्या आसपास असला तर ठीक. दाब किती, कॉइलच्या पात्या कितपत झिजल्यात. लोक म्हणतील, आधीपासून संशय होता तर धुतलात कशाला? म्हणोत. पोराला सांगितलं तर म्हणाला, चिकटवलेला कागद पावसात टिकणार नाही, झाकणाच्या आतून मार्करने लिहू. हे मात्र बरोबर बोलला.