बालमोरातली काळी घरं: मॉरोविंडची जुनी सेव्ह परत जिवंत करताना

जुन्या डेस्कटॉपच्या हार्डडिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तेव्हा सगळ्यात आधी मी मॉरोविंड या कॉम्प्युटर गेमचं फोल्डर बाहेर काढलं. फोटो आधीच दुसरीकडे ठेवलेले होते. या फोल्डरमध्ये मात्र २०१४ च्या दिवाळीपर्यंत खेळलेली माझी ३४ व्या लेव्हलची डनमर (गेममधली एक जमात) जादूगार आहे आणि तिच्यासोबत मूळ गेमच्या आणि त्यात भर घालणाऱ्या मॉडच्या मिळून ६४ प्लगइन फाइल्स आहेत. ती सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, या ६४ फाइल्सवर उभी आहे. एखादी काढली तर तिच्यातून आलेल्या वस्तू, माणसं, कधी अख्खं घर नाहीसं होतं. त्यामुळे नव्याने मॉड निवडायचे नाहीत, जुनीच जुळणी उभी करायची, हे पहिल्या दिवशीच ठरवलं.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून हार्डडिस्क जोडायची साटा ते यूएसबी केबल आणली. डिस्क लॅपटॉपला जोडून सगळं फोल्डर ऑनलाइन साठवणीत चढवलं आणि नव्या मशीनवर उतरवून घेतलं. मोठी चूक इथेच झाली होती, पण ती कळायला तीन आठवडे गेले.

पहिला शनिवार

गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकला नाही, डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर केलं. २००२ चा हा गेम सेव्ह आणि सेटिंग स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो. विंडोज व्हिस्टापासून पुढे प्रोग्राम फाइल्समध्ये असं लिहायला गेलं की ते अडवलं जातं किंवा परस्पर दुसऱ्या फोल्डरकडे वळवलं जातं. मग सेव्ह गेली कुठे, हे शोधत बसावं लागतं. मूळ गेम, ट्रायब्युनल आणि ब्लडमून हे त्याचे दोन विस्तार, त्यावर इंजिनमधल्या चुका दुरुस्त करणारा मॉरोविंड कोड पॅच आणि जुन्या प्लगइन फाइल्स एवढंच चढवलं. लांबवरचं दृश्य दाखवणारं एमजीई एक्सई मुद्दाम नंतरसाठी ठेवलं, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच बिघाड कुठून आला ते कळतं.

सेव्ह उघडली. गेममधल्या बालमोरा शहराच्या पुलावर, खाली ओडाई नदी. पात्र उभं होतं, सामान जागच्या जागी होतं. पण आजूबाजूच्या लोकांचे चेहरे मूळ गेममधले जुने, ठोकळ्यासारखे दिसत होते. चेहऱ्यांचा मॉड चालूच नव्हता असं वाटावं, आणि यादीत तर त्यावर खूण होती. शस्त्रांच्या मॉडमधली एकही तलवार कुठल्या दुकानात सापडेना. सगळ्यात वाईट म्हणजे माझ्याच घराचं दार उघडलं तर आत पूर्ण काळोख. मेनू दिसतो, पावलं वाजतात, भिंती मात्र नाहीत. बाहेर आलं की सगळं छान.

दुसरा आठवडा

मी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. ड्रायव्हर बदलला, जुना टाकला, पुन्हा नवा टाकला. विंडोजमधले कम्पॅटिबिलिटीचे सगळे पर्याय करून पाहिले. गुरुवारी दुपारी लाईट गेली ती मी सेव्ह करत असतानाच, आणि ती फाइल अर्धवट राहिली. मूळ २०१४ ची सेव्ह मी पहिल्याच दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवली होती म्हणून निभावलं. ज्यांना जुनी सेव्ह वाचवायची आहे त्यांनी गेम चालू करण्याआधी हे एक काम कराच.

तिसरा रविवार

बहिणीचा मुलगा आला होता. त्याला सेडा नीनपासून, म्हणजे गेम सुरू होतो त्या गावापासून, नवं पात्र करून दिलं. पाचच मिनिटांत त्याची हाक आली, "मामा, माझी तलवार त्याच्या अंगातून जातेय, पण त्याला लागतच नाहीये!"

"तू धावत धावत आलास ना? खालची हिरवी पट्टी बघ, पार संपलीय."

नवीन खेळणारे इथेच कंटाळतात, म्हणून हे नीट सांगतो. वार लागेल की नाही हे गेम फासा टाकून ठरवतो. शस्त्राचं कौशल्य, त्यात चपळाईचा पाचवा आणि नशिबाचा दहावा हिस्सा मिळवायचा. या बेरजेला दमाच्या आकड्याने गुणायचं. दम पूर्ण असेल तर हा आकडा १.२५, पूर्ण संपला असेल तर ०.७५. कौशल्य ३०, चपळाई ४० आणि नशीब ४० असलेल्याची बेरीज होते ४२. ताजातवाना असताना शक्यता साधारण साडेबावन्न टक्के, दमलेला असताना साडेएकतीस. समोरच्याची चुकवण्याची ताकद त्यातूनही वजा होते. प्रत्येक वार लागेल असं करणारे मॉड मिळतात, मी ते कधीच टाकलेले नाहीत. सुरुवातीला चुकणारा हात पुढे स्थिर होत जातो, ही या गेममधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे आणि ती मला पुसून टाकायची नाही.

भाच्याने मग माझी सेव्ह उघडून बालमोरातली दारं उघडायचा सपाटा लावला. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, काळोख फक्त लाल दारांच्या घरांत आहे. बाकीची बरोबर दिसतात."

लाल दारांची घरं एकाच मॉडमधली आहेत. माझं घरसुद्धा त्यातलंच. म्हणजे दोष कार्डाचा असला तरी निमित्त त्या मॉडमध्ये होतं, आणि जुन्या मशीनवर त्यावर काहीतरी उपाय केलेला होता. तो उपाय आता लागू पडत नव्हता.

उपाय आठवला. घराच्या आतल्या धुक्याची घनता शून्य ठेवली असेल तर काही ग्राफिक्स कार्डं ती जागा नुसती काळी रंगवतात. टीईएस३सीएमडी या साधनातून मल्टिपॅच, म्हणजे सगळ्या मॉडवर शेवटी चढणारी दुरुस्तीची एक फाइल, बनवला की तो अशा घरांना शून्याऐवजी अगदी थोडं धुकं देतो. माझा मल्टिपॅच फोल्डरमध्ये होता, चालूही होता. मग मी फाइल्सच्या तारखांचा रकाना पाहिला आणि सगळा उलगडा झाला.

मॉरोविंडचं मूळ इंजिन प्लगइन कुठल्या क्रमाने वाचायचे हे फाइलच्या बदलाच्या तारखेवरून ठरवतं. आधी सगळ्या ईएसएम (मुख्य फाइल्स), मग सगळ्या ईएसपी (साधे प्लगइन), आणि दोन्हींत जुनी तारीख आधी. एकाच गोष्टीला दोन प्लगइननी हात लावला असेल तर नंतर वाचलेल्याचं चालतं. दोन्हींची सरमिसळ होत नाही, आधीच्याची अख्खी नोंद बाजूला पडते. माझ्या ६४ फाइल्सवर एकाच रात्रीची वेळ होती, सुमारे वीस मिनिटांच्या अंतरातली. ऑनलाइन साठवणीतून उतरताना प्रत्येक फाइलवर उतरल्याची वेळ बसली होती. मल्टिपॅच आकाराने लहान, त्यामुळे तो सगळ्यांत आधी उतरला. जो सर्वांत शेवटी हवा तो पहिला आला आणि लाल दारांच्या मॉडने त्याचं धुकं पुन्हा शून्य केलं. चेहरे आणि तलवारी याच कारणाने गेल्या होत्या.

जुना क्रम मी कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. पण सेव्हच्या आत तिला लागणाऱ्या प्लगइनची यादी असते. मॉड आणि सेव्ह सांभाळणाऱ्या राय मॅश या साधनात २०१४ ची मूळ सेव्ह उघडली तर ६४ नावं त्या दिवशीच्या क्रमाने समोर आली. तो क्षण मी विसरणार नाही. राय मॅशमधूनच एकेका फाइलला तारीख दिली, मॉरोविंड ईएसएमला १ जानेवारी २००५, पुढच्याला २ जानेवारी, असं करत मल्टिपॅचला ५ मार्च. रात्री साडेबाराला दार उघडलं. कंदील पेटलेला, वरच्या मजल्यावर फळीवर मी एकेक करून उभी लावलेली पुस्तकं तशीच.

चौथा आठवडा

पाया बसल्यावर राहिलेली कामं भराभर झाली. मल्टिपॅच नव्याने बनवला. एकाच यादीत दोन मॉड आपापली शस्त्रं किंवा प्राणी घालतात तेव्हा तोच त्या याद्या एकत्र करतो, त्यामुळे तलवारी दुकानात दिसायला लागल्या. मग त्याच साधनाने जुने प्लगइन स्वच्छ केले. विस्तार न जोडता कन्स्ट्रक्शन सेटमध्ये (गेमसोबतच्या मॉड बनवायच्या साधनात) बनवलेल्या प्लगइनमध्ये ७२ नको असलेली गेम सेटिंग्ज आपोआप शिरतात, ११ ट्रायब्युनलची आणि ६१ ब्लडमूनची. माझ्याकडे असे नऊ प्लगइन निघाले.

ओपनएमडब्ल्यू हे याच गेमसाठी नव्याने लिहिलेलं इंजिनसुद्धा करून पाहिलं. त्यात क्रम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने लिहिलेला असतो, तारखांचा संबंधच नाही. आधाराची फाइल नंतर आली तर ते चालू होतानाच तसं सांगतं. आज कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवेन. पण मूळ इंजिनची सेव्ह त्यात पूर्णपणे येत नाही, आणि मला तर हीच सेव्ह हवी आहे.

शेवटी एमजीई एक्सई चढवलं. सेडा नीनच्या स्ट्रायडर (प्रवासी वाहून नेणारा मोठा प्राणी) थांब्यावरून लांबवर एक बुरूज दिसला, जवळ गेलं की नाहीसा. दूरच्या दृश्याचं जुनं फोल्डर तसंच राहिलं होतं आणि त्यात कधीच काढून टाकलेल्या एका मॉडचा बुरूज होता. ते फोल्डर काढलं आणि दूरचं दृश्य पुन्हा तयार केलं. आता नाही दिसत.

कालच सगळं फोल्डर एका झिपमध्ये बांधून मगच साठवणीत चढवलं, कारण झिपच्या आत प्रत्येक फाइलची स्वतःची तारीख टिकते. खात्रीसाठी लॅपटॉपवर उतरवून सोडलं. मल्टिपॅच, ५ मार्च २००५.