साडेबारा डॉलरची खाण

पहाटे सव्वाचारला फोन वाजला तेव्हा पोटात धस्स झालं. अशा वेळी येणारा फोन चांगली बातमी आणत नाही. पलीकडून मित्र म्हणाला, "पंचवीस सेंटिमीटर. ऊठ." पुढे हॅलो नाही, की काही नाही. गडी रात्रभर डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत बसला होता. त्या कॅमेऱ्यासमोर खुणा केलेली एक पट्टी उभी असते. संध्याकाळी तिच्या बुडाचा बर्फ झाडून टाकतात आणि सकाळी ती किती बुडाली ते घरबसल्या दिसतं. परीक्षेच्या निकालाकडेही याने कधी इतकं डोळे लावून पाहिलं नसेल.

पाचला अमेरिकेतलं, वॉशिंग्टन राज्यातलं आमचं स्पोकेन सोडलं. रेड माउंटन हा स्कीइंगचा डोंगर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण सरहद्दीपलीकडे, ब्रिटिश कोलंबियातल्या रॉसलंड गावाला चिकटून. कॅनडात स्कीइंगला जातो म्हटलं की लोक विचारतात, "व्हिसलर?" नाही म्हटलं तर "मग बॅन्फ?" रॉसलंड म्हटलं की "ते कुठे आलं?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही हल्ली जरा मोघमच देतो. चांगली जागा सगळ्यांना सांगायचा मोठेपणा माझ्यात नाही.

नॉर्थपोर्ट मागे पडलं की रस्ता सामसूम होतो. सरहद्दीवरचा हा नाका रात्री बंद असतो, त्यामुळे कितीही लवकर निघा, तो उघडेपर्यंत थांबणं आलंच. आमच्यापुढे तीन गाड्या, तिन्हींच्या टपावर स्की. अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळले, माझं ग्रीन कार्ड उलटसुलट केलं, कशासाठी, किती दिवस, वगैरे विचारलं. "एकच दिवस. रात्री पंचवीस सेंटिमीटर पडलाय ना," मित्र न विचारता म्हणाला. "हो, पुढच्या तिघांनीही मला तेच सांगितलं," अधिकारी म्हणाला आणि कागद परत दिले.

रॉसलंड मुळात खाणींचं गाव. १८९० साली दोन खाणशोधकांनी या डोंगरावर पाच जागांवर हक्क सांगायला खुंट ठोकले. पण नियमाने त्यांना तेवढ्या जागा स्वतःच्या नावावर करता येत नव्हत्या. तेव्हा त्यांनी नेल्सनच्या नोंदणी कचेरीतल्या युजीन टॉपिंगला सांगितलं, आमच्या नोंदणीचे साडेबारा डॉलर तू भर, एक जागा तुझी. ती जागा म्हणजे ल रॉय. पुढे सोन्या-तांब्याची जी खाण लाखो डॉलरना विकली गेली, ती हीच. मला त्या दोघांचं फार वाटतं. टॉपिंगचं नाव आता इथल्या एका लिफ्टला, म्हणजे स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांना आहे.

खाणींपाठोपाठ नॉर्वेजियन खाणकामगार आले आणि येताना स्की घेऊन आले. ओलाउस येल्डनेस नावाच्या त्यांच्यातल्या एकाने १८९० च्या दशकातच या उतारांवर शर्यती लावल्या होत्या. १९४७ साली इथे चेअरलिफ्ट लागली, पश्चिम कॅनडातली पहिली. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये जायंट स्लालमचं, म्हणजे खांबांमधून वळत खाली यायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकणारी नॅन्सी ग्रीन याच गावात वाढली. हे सगळं मी मित्राला गाडीत सांगत होतो. तो "हं" म्हणत खिडकीतून झाडांच्या फांद्यांवर किती बर्फ साठलाय ते मोजत होता.

ग्रॅनाइट डोंगरावर नेणाऱ्या मुख्य लिफ्टचं नाव मदरलोड, म्हणजे खाणवाल्यांच्या भाषेत मुख्य शिर. खाली रांग लागली होती आणि त्या रांगेतले चेहरे बघून मला कळलं की इथला गोल्ड रश काही संपलेला नाही. ताज्या बर्फाच्या दिवशी सभ्य माणसंसुद्धा एकमेकांच्या स्कीच्या टोकांवर लक्ष ठेवून असतात. अस्पर्श उतारावर पहिली रेघ आपली उमटावी, एवढंच. ती कोणाच्या नावावर चढत नाही, दुपारपर्यंत टिकतही नाही. तरी माणूस त्यासाठी पहाटे चारला उठतो.

बर्फही तसा होता म्हणा. समुद्राजवळच्या कॅस्केड पर्वतात जो जड, ओला बर्फ पडतो त्याला इकडे "कॅस्केड काँक्रीट" म्हणतात. पॅसिफिकवरून आलेले ढग डोंगरामागून डोंगर ओलांडत, बाष्प सांडत इथवर पोचतात तेव्हा बरेच कोरडे झालेले असतात. मुठीत दाबला तरी त्या बर्फाचा गोळा होईना. फुंकर मारली की हातमोजा रिकामा.

माथ्यावरून झाडांमध्ये शिरणाऱ्या एका उताराशी मित्र थांबला. खाली एकही रेघ नाही. "जा, तू पुढे हो," तो म्हणाला. पावडरच्या, म्हणजे अशा ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दिवशी असं कोणी कोणाला म्हणत नाही. सख्ख्या भावालाही नाही. त्याचा विचार बदलायच्या आत मी निघालो.

यंत्राने दाबलेल्या उतारावर वळताना एका पायावर भार देतात. इथे तसं केलं की तो पाय बुडतो. दोन्ही पाय जोडून, जणू एकच रुंद फळी असल्यासारखं, हलकेच दाबायचं, सोडायचं. पहिली तीन वळणं अशी झाली की मी कोण आहे ते विसरलो. आवाज म्हणाल तर नुसती रेशमाची सळसळ. बाकीचा सगळा आवाज बर्फ पिऊन टाकतो. गुडघ्यावरून उडालेला बर्फ छातीवर, मग तोंडावर. चौथ्या वळणाला मी खूश होऊन मागे रेललो, म्हणजे जे करू नये म्हणून शिकवतात नेमकं तेच केलं. मग आकाश, बर्फ, आकाश.

उठलो तेव्हा डाव्या पायाला स्की नव्हती.

निसटलेली स्की अशा बर्फात माशासारखी आतल्या आत पळते. तिला ब्रेक असतात, पण ते रुतायला खाली काहीतरी कडक लागतं. नवशिका आपण जिथे थांबलो तिथे उकरत बसतो. खरं तर आपण घरंगळत खाली आलेलो असतो, स्की बहुतेकदा राहते वर. दुसरी स्की काढून तिने आडवे काप घेत वर सरकायचं, टक् असा आवाज येईपर्यंत. मित्र आला. मोठ्या झाडांच्या बुंध्यांपासून लांब राहा, म्हणाला, कारण फांद्यांखाली भुसभुशीत बर्फाचे खोल खड्डे असतात आणि त्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला एकट्याने बाहेर येता येत नाही. मग तोही कापायला लागला. एक अनोळखी बाई थांबल्या, न विचारता कामाला लागल्या. आमच्या डाव्या-उजव्या बाजूने लोक हुंकारत, हसत खाली जात होते. मित्राच्या वाटचा सगळा उतार डोळ्यांदेखत संपत होता. तो काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पस्तीस मिनिटांनी टक् झालं. स्की त्या बाईंना सापडली, मी पडलो त्याच्या चांगली चार हात वर.

पुन्हा लिफ्टमध्ये बसलो तेव्हा तो उतार वरून स्वच्छ दिसत होता. तीन सुरेख वळणं, मग एक खड्डा, मग खोलीभर रुंदीची उकराउकर आणि तिला वळसा घालून गेलेल्या सगळ्यांच्या रेघा. आमच्या शेजारी बसलेल्या माणसाने काठीने तिकडे दाखवत विचारलं, "तिथे काय झालं?"

मित्राने गॉगल पुसला आणि गंभीरपणे सांगितलं, "खाण आहे. साडेबारा डॉलरला देऊन टाकतोय."