आजीची पेरं

लिस्बनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाजारातल्या पाटीवर ‘पेरा’ वाचलं आणि जीव हरखला. वाळपईजवळच्या आमच्या गावात पेरूला पेर म्हणतात. जवळ जाऊन बघते तर नासपती! पोर्तुगीजांचा ‘पेरा’ गोव्यात येऊन पेरूला चिकटला, हे मला इथे कळलं. तिथेच उभी राहून मी आजीला फोन केला. जनेल (खिडकी), कुलेर (चमचा), बालदी, चावी हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द ती दिवसभर वापरायची. पोर्तुगीज मात्र तिला अवाक्षर येत नव्हतं. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ती दोन मुलांची आई होती.

यंदाच्या पावसाळ्यात आजी गेली. मला पोचता आलं नाही, ते शल्य आहेच.

चवथ जवळ आली की ती जास्त आठवते. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला नारळाचा घड, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंग, चिबूड, फागलां, लालभडक कवंडळं आणि रानात जे मिळेल ते लटकवायचं. बाजारात सगळं विकत मिळतं, पण आजी स्वतः रानात जायची. आमच्या सत्तरी तालुक्यातली ओली वाट, डोक्यावर खोळ, कमरेला कोयती, आणि मागून आम्ही पोरं. कुठली वेल कुठल्या ओहोळाकाठी आहे, ते तिला पाठ.

आणायची मात्र दुप्पट. वाड्यावर कुणाचा नवरा गेलेला, कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणाचे मुलगे नोकरीला मुंबईत. आधी त्यांच्या चौकटी भरायच्या. भर पावसात ती दारोदार फिरे आणि एका घरी तर स्टुलावर चढून स्वतः गाठी मारी. तोवर आमची चौकट ओसरीवर रिकामीच. आई चिडायची, आणि खरं सांगते, मीही चिडायचे. आता वाटतं, तिची चवथ त्या घरांतच सुरू होत होती.

ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असेल तिथे गणपती नसतो. तिथे आजी संध्याकाळी झाकलेलं ताट घेऊन जाई. त्यात नेवऱ्या आणि हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या. मला हाताशी धरून न्यायची. निघताना मी रिकामी दिसले की म्हणायची, “रित्या हातान वचूं नाका गो,” आणि माझ्या ओंजळीत चार फुलं तरी ठेवायची.

यंदा आमच्याच घरी गणपती नव्हता. चतुर्थीच्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेतली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपार, तिकडे साडेचार तास पुढे, तिन्हीसांज. आईने काही न बोलता फोन ओसरीकडे फिरवला. बाकावर डबे, ताटं, केळीच्या पानाखाली झाकलेल्या परड्या. मी मोजले, अकरा घरं. त्यातलं एक ताट मी लगेच ओळखलं, कडेला चेपलेलं पितळी. ते त्या स्टुलावरच्या माटोळीच्या घरचं. त्या काकी स्वतः पातोळ्या घेऊन आल्या होत्या, गुडघे धरत धरत.

आम्ही दोघी बराच वेळ नुसत्याच रडलो.

मग आई डोळे पुसत म्हणाली, “हे डबे परत करायचेत. रिते कसे देऊ? बघते, परसात पेरं पिकलीयत.”