चौकटीच्या कोपऱ्यातल्या बायका

(माजी विद्यार्थिनी, दहावीची तुकडी १९८३)

शाळेच्या महोत्सवासाठी मनोगत मागताना संपादक मंडळाने 'शाळेने तुम्हाला काय दिलं' असा विषय सुचवला होता. शिस्त, संस्कार आणि शुद्धलेखन यांवर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला लिहायचंय ते शाळेने दिलं नाही, पण शाळेतच मिळालं, त्याबद्दल. कॉमिक्समधली डायना पामर, गायिका सुमन कल्याणपूर आणि अभिनेत्री स्मिता पाटील या तिघींची माझी ओळख याच इमारतीत झाली. पहिली मागच्या बाकावर, दुसरी स्नेहसंमेलनाच्या तालमीत, आणि तिसरीवरून पाण्याच्या टाकीपाशी इतकं कडाक्याचं भांडण झालं की दोन मैत्रिणी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झाली. आम्ही वाचायला लागलो तोवर त्यातला जंगलात राहणारा मुखवटाधारी वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम', मराठीत चांगलाच मुरला होता. आमच्या वर्गात अदलाबदलीचे भाव ठरलेले होते. एका वेताळाला जादूगार मॅन्ड्रेकचे दोन अंक. अंतराळवीर फ्लॅश गॉर्डनचा भाव वर-खाली व्हायचा. गुप्तहेर रिप किर्बी मात्र कुणी फुकट देऊ केला तरी 'बघते' म्हणून टाळायचा, कारण त्यात मारामारी कमी आणि चष्म्यातून विचार करणं जास्त. अंक लपवायला भूगोलाचा नकाशासंग्रह सर्वांत सोयीचा, कारण तो आकाराने मोठा. बाईंनी 'दख्खनचं पठार काढा' म्हटलं की वर्गातल्या अर्ध्या मुली प्रामाणिकपणे वेताळाच्या देंकालीच्या जंगलात असायच्या.

मुलगे वेताळ वाचायचे ते ठोशांसाठी. गुंडाच्या हनुवटीवर वेताळाच्या अंगठीने उमटलेली कवटीची खूण दिसली की त्यांचं समाधान व्हायचं. आम्ही काही जणी वाचायचो ते त्याच्या प्रेयसीसाठी, डायनासाठी. हे आमचं आम्हाला फार उशिरा कळलं. वेताळ चौकटीच्या मध्यभागी, छाती काढून उभा. डायना बहुधा कडेला, कधी नुसतंच डोकं, कधी टेलिफोनवरचा हात. तरी आमची नजर त्या कडेला जायची. ही बाई संयुक्त राष्ट्रांत नोकरी करते, ऑलिम्पिकच्या दर्जाचा सूर मारते, विमानाने एकटी हिंडते. आणि घरी तिची आई काय म्हणते? चांगला नावाजलेला, मिळवता मुलगा बघ, हा कोण वॉकर घेऊन बसलीस! वॉकर म्हणजे वेषांतर केलेला वेताळच; ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालून येणारा, नोकरीधंद्याचा पत्ता नसलेला माणूस. पामरबाईंचं मला तेव्हाही पटायचं आणि आज आई म्हणून तर जास्तच पटतं. जावई गुहेत राहतो, हे कुठल्या आईला चालेल?

मूळ चित्रमालिकेत त्यांचं लग्न १९७७ च्या अखेरीस लागलं. तो अंक आमच्याकडे आला तेव्हा त्याची घडी इतक्या हातांतून गेलेली होती की मधली पिन सुटून पानं वेगळी झाली होती. लग्नाला मॅन्ड्रेकही आला होता, हे बघून कोण आनंद! दोन वेगळ्या मालिकांतली माणसं एका मांडवात. पण मैत्रिणींमध्ये चर्चा झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. आता डायना नोकरी सोडणार का? तिने सोडली नाही. पुढे किट आणि हेलोईज ही जुळी झाली, तरी नाही. वर्गात कुणाकुणाच्या आया नोकरी करत होत्या, त्या मुलींची मान त्या आठवड्यात जरा ताठ होती.

मॅन्ड्रेकच्या प्रेयसीचं, नार्डाचं, मात्र मला कधी कौतुक वाटलं नाही. राजकन्या, दिसायला देखणी, पण बराच काळ मॅन्ड्रेकच्या झनाडू या घराच्या पोहण्याच्या तलावाकाठी बसून. मॅन्ड्रेक हात फिरवणार, समोरच्या गुंडाच्या पिस्तुलाची काहीतरी भलतीच वस्तू होणार, आणि ही 'अहाहा' करणार. माझी बाकावरची शेजारीण नार्डाची बाजू घ्यायची. तिचं म्हणणं, नार्डाला कराटे येतं, तू नीट वाचत नाहीस. येतं, हे खरं. पण वापरायची संधी तिला किती वेळा मिळते, हा माझा प्रश्न होता आणि अजून आहे. १९३४ साली ओळख झालेल्या या दोघांचं लग्न लागलं १९९७ मध्ये. तोवर आमच्या वर्गातल्या बहुतेकींची मुलंसुद्धा शाळेत जाऊ लागली होती. इतका काळ वाट पाहण्याला चिकाटी म्हणायचं की आणखी काही, ते नार्डाच्या चाहत्यांनी ठरवावं.

इंद्रजालचा भारतीय नायक बहादूर आला १९७६ मध्ये, आबिद सुरती यांच्या लेखणीतून. भगवा कुर्ता आणि जीन्स! त्याच्याबरोबरची बेला ही इंद्रजालमधली पहिली नायिका, जी आमच्या ओळखीतल्या कुणासारखी तरी दिसायची. एवढ्याच कारणाने ती मला आवडायला हवी होती. पण खरं सांगायचं तर आमच्यासारखी दिसणारी बाई बघायला आम्ही कॉमिक्स उघडतच नव्हतो.

ग्रंथालयाच्या तासाला इंद्रजालला बंदी आणि अमर चित्र कथेला मुभा होती. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेला आमच्या ग्रंथपालांच्या लेखी पाठ्यपुस्तकाच्या खालोखाल मान होता. जाड पुठ्ठ्यात बांधलेले ते खंड पाळीपाळीने मिळत. त्यात राण्याच राण्या होत्या. झाशीची राणी, चांदबिबी, अहिल्याबाई. इथे मात्र बाई चौकटीच्या मधोमध, घोड्यावर. चित्रंही देखणी. तक्रार करायला जागाच नव्हती, तरी माझी एक आहे. या राण्या कधी दमलेल्या दिसत नसत. केस विस्कटलेले नाहीत, लढाईच्या सहाव्या पानावरही कुंकू जागच्या जागी. त्यामुळे झालं असं की राण्या वंदनीय राहिल्या, आवडत्या झाल्या नाहीत. आवडतीशी भांडता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त भांडण आम्ही जूलीवरून केलं. वेताळाचे जुने वाचक ओळखतील. वेताळपण बापाकडून मुलाकडे पिढ्यानपिढ्या जातं. सतराव्या पिढीचा वेताळ जायबंदी होतो आणि त्याची जुळी बहीण जूली त्याचा पोशाख चढवून बाहेर पडते. चालता फिरता वेताळ, आणि तो एक मुलगी! आमच्या वर्गात फिरणाऱ्या त्या अंकाची शेवटची पानं गायब होती. कुणी म्हणे उंदराने खाल्ली, कुणी म्हणे एका मुलाने मुद्दाम फाडली, कारण मुलीने मारलेले ठोसे त्याला बघवले नाहीत. त्यामुळे शेवट ज्याने त्याने आपापला रचला. माझ्या शेवटात भाऊ बरा होतो, पोशाख परत मागतो आणि जूली तो देत नाही. शेजारणीच्या शेवटात देते, घडी करून, इस्त्री करून. आठवीचं अख्खं एक सत्र आम्ही यावर घालवलं, आणि त्या सत्रातल्या बीजगणिताचं काय झालं ते प्रगतिपुस्तकात नोंदलेलं आहे.

आता गाण्यांकडे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर हिंदी गाण्यांची क्रमवारी सांगणारी बिनाका गीतमाला, आणि गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत त्यावर कुजबुज. कुठलं गाणं कितव्या पायदानावर चढलं, कुठलं घसरलं. शॉर्टवेव्ह असल्यामुळे आवाज यायचा-जायचा, आणि नेमका पहिल्या क्रमांकाच्या वेळी खरखराट. निवेदक अमीन सयानी 'बहनो और भाइयो' म्हणायचे. आधी बहिणी, मग भाऊ. बाकी सगळीकडे, अगदी आपल्या शाळेच्या सूचनाफलकावरसुद्धा, 'विद्यार्थी व विद्यार्थिनी' असा क्रम असायचा.

पण माझी खरी आवड गीतमालेच्या वर्षाच्या सरताज गाण्यांत नव्हतीच. ती सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात होती. याला कारण स्नेहसंमेलन. आमच्या संगीताच्या बाईंनी एका मुलीला 'निंबोणीच्या झाडामागे' बसवायला दिलं. ती रोज मधल्या सुट्टीत पेटीवर तालीम करायची, आणि मी बाहेरच्या पायरीवर डबा खायची. गाण्याच्या वहीत तिने लिहिलं होतं, 'गायिका: लता मंगेशकर'. बाईंनी लाल शाईने खोडून दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, "अगं, नीट ऐक. लताबाईंचा स्वर सुईसारखा आत जातो. हा अलगद बाजूला येऊन बसतो." यावर वर्गात पैजा सुरू झाल्या. रेडिओवर गाणं लागलं की निवेदकाने नाव सांगायच्या आत ओळखायचं, लता की सुमन. 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे' या १९६८ सालच्या गाण्यावर अर्ध्या पैजा हरल्या गेल्या. ते रफी आणि सुमन यांचं. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात बिनसलं, दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत, आणि त्या काळात रफींबरोबरची पुष्कळ द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली. हे सगळं पुढे वाचून कळलं. शाळेत एवढंच ठाऊक होतं की एक इतकी सुरेल बाई आहे आणि तिचं श्रेय लोक सवयीने दुसऱ्याच बाईला देऊन टाकतात. २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं तेव्हा आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहावर अभिनंदनाचा पहिला संदेश टाकणाऱ्याने सोबत जोडलेलं गाणं लताबाईंचं होतं.

लावणीबद्दल फार लिहीत नाही, कारण संमेलनात ती चालत नसे. मात्र डोक्यावरून पदर घेऊन लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण यांच्या रेकॉर्डी गणेशोत्सवात शाळेच्या भिंतीपलीकडच्या मांडवात लागत, आणि सहामाहीची उजळणी त्या तालावर होई. सनावळ्या अजून त्याच ठेक्यात आठवतात.

आणि मग स्मिता. माझ्या आईने तिला मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचताना पाहिलं होतं. जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही गोष्ट आई दरवेळी नव्याने सांगायची. 'जैत रे जैत'मधली चिंधी आम्ही उशिरा पाहिली. आमच्या पिढीतल्या मुलींना स्मिता खऱ्या अर्थाने भेटली ती 'उंबरठा'मध्ये. १९८२ साल, आमची दहावी सुरू झालेली. आई आणि मावशी निघाल्या होत्या, मला घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून बरोबर नेलं. सुलभा महाजन घर, नवरा, लहान मुलगी सोडून दूर महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तेव्हा तिच्या जागी दुसरं कुणी आहे. मग ती पुन्हा निघते. सिनेमा सुटल्यावर मावशी म्हणाली, "काही झालं तरी लेकराला टाकून जाणं मला नाही पटलं." आई काही बोलली नाही. रिक्षा मिळेना म्हणून आम्ही चालत निघालो होतो. कोपरा वळल्यावर आई म्हणाली, "नवरा गेला असता नोकरीसाठी, तर टाकून गेला म्हटलं असतंस?" मावशी म्हणाली, "तू आता वाद घालू नकोस, मुलगी बरोबर आहे."

मुलगी बरोबर होती आणि कान टवकारून होती. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी हाच वाद आमच्यात पेटला. जूलीच्या वेळचीच फळी, त्याच बाजू. फक्त या वेळी शेवटची पानं फाटलेली नव्हती, शेवट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, तरी भांडण मिटेना. शेजारीण म्हणाली, "दिग्दर्शकाने तिला घरात राहू द्यायला हवं होतं." मी म्हटलं, "तिथे राहायला जागा उरली होती का?" सुरुवातीला लिहिलेला आठवड्याचा अबोला तो हाच.

अभिनेत्री रंजनाबद्दल न लिहिणं अन्याय होईल. आम्ही स्मितावर वाद घालायचो, पण हसायचो रंजनाबरोबर. विनोदात नायिकेने नुसतं लाजायचं असा तेव्हा प्रघात, आणि ही बाई अशोक सराफांसमोर टायमिंगमध्ये एक इंच मागे हटत नसे. 'अरे संसार संसार'मध्ये तिचं दुसरं टोक दिसतं. १९८७ मध्ये तिला भीषण अपघात झाला आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. स्मिता त्याआधीच, १३ डिसेंबर १९८६ ला गेली होती, वयाच्या ३१ व्या वर्षी. दोघींचं राहून गेलेलं काम आठवलं की मला अजून राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

तेव्हाच्या आवडींपैकी बऱ्याच टिकल्या. काही विरल्या. सिनेमाच्या पानांतले फोटो कापून वहीला आतून चिकटवायचे, त्यातल्या निम्म्या नायिकांची नावं मला आज आठवत नाहीत, आणि आठवावीत असंही वाटत नाही. डायना टिकली. सुमनताई रोज असतात, सकाळी चहा करताना.

शेजारीण आता निवृत्त मुख्याध्यापिका आहे, दुसऱ्या गावच्या शाळेतून. महोत्सवाला येते म्हणाली आहे. नार्डाबद्दल तिचं मत बदललेलं नाही. ज्या कुणा माजी विद्यार्थ्याकडे जूलीचा तो अंक शेवटच्या पानांसकट असेल, त्याने कृपया समारंभाला घेऊन यावा. मधल्या सुट्टीच्या जागी, टाकीपाशी. बदल्यात दोन मॅन्ड्रेक देईन, आणि हवा असेल तर एक रिप किर्बी वर.